कुंपणाबाहेरचे लोक

त्या वर्षी पाऊस आला नाही तो नाहीच. वाऱ्यालाही काय धाड भरली होती कोण जाणे, झाडाचं पान हलत नव्हतं. रस्त्यावर पिठासारखी मऊ धूळ साचली होती. पाय टाकला की ठसा उमटायचा आणि पुसायला वारा नाही म्हणून तो तसाच राहायचा. विहिरी आटल्या होत्या. माणसं घागरी घेऊन पार नदीच्या डोहापर्यंत जायची, आणि जाऊन येऊन चपलांचे तळ कागदासारखे पातळ व्हायचे.

असा उन्हाळा म्हणजे एरवी आत्याच्या घरी कामाला ऊत. गावात चपला शिवणारं घर ते एकच. नवरा गेला तेव्हा आत्यानं त्याची आरी उचलली आणि डोळे पुसून कामाला बसली, ती केस पांढरे झाले तरी उठली नव्हती. सगळं गाव तिला आत्या म्हणायचं. कुणाचा पाय कसा पडतो, कोण टाच घासत चालतं, कोण बाहेरच्या अंगाला रेलतं, हे तिला पायाच्या मालकापेक्षा जास्त ठाऊक.

पण यंदा गिऱ्हाईक फिरकत नव्हतं. तुटलेल्या चपला तारेनं बांधून, सुतळीनं आवळून माणसं हिंडत होती. काही तर सरळ अनवाणी, तापल्या धुळीत पाय उचलत. आत्याच्या दारासमोरून जाताना मान खाली आणि चाल जलद. कुणी वाकडं बोललं म्हणावं, तर तसंही नाही. उलट सगळे जरा जास्तच गोड. "काय आत्या, बरंय ना?" म्हणायचे आणि उत्तराला थांबायचे नाहीत.

त्यातच एका सकाळी ती अंगण झाडायला बाहेर आली, आणि झाडू हातातच राहिला.

कुंपणाच्या बाहेर धुळीत पावलांची एक ओळ होती. चपलांचे ठसे, अनवाणी ठसे, एकाला एक लागून, सगळ्यांची बोटं घराकडे. कुणी नुसतं जाता जाता थांबलं नव्हतं. टाचा खोल रुतल्या होत्या, म्हणजे चांगली तब्येतीत उभी राहिली होती माणसं. आणि परत गेल्याची पावलं काही दिसेनात. म्हातारी वाकून वाकून बघत राहिली, तेव्हा कुठं तिच्या ध्यानात आलं. माणसं परत गेली होती, पण पाठ न फिरवता. उलट्या पावलांनी, घराकडे बघत बघत, पार वळणापर्यंत.

तिनं इकडंतिकडं पाहिलं आणि सगळं भराभरा झाडून टाकलं.

आत तिचा लेक आणि सुतार चहा पीत बसले होते. सुतार म्हणजे लेकाचा जोडीदार. कामाच्या शोधात कुठून तरी आला होता, आत्याला चपलांसाठी लाकडी साचे करून देऊ लागला, आणि साचे देता देता इथलाच झाला. मागं सरकारनं अशा जोड्यांसाठी कायदा केला तेव्हा दोघं शहरातल्या कचेरीत जाऊन लग्नाच्या सह्या करून आले. आत्यानं गावाला पेढे वाटले, गावानं खाल्ले, कुणी चकार शब्द काढला नाही. रेडिओवर एक बाई सांगायची, की देशातले निम्म्याहून जास्त लोक अशा लग्नाच्या बाजूनं आहेत.

"आहेत तर राहतात कुठं मेले?" आत्या रेडिओलाच विचारायची. "एखादा आमच्या गल्लीत पाठवा म्हणावं."

आता गोष्ट लग्नाच्या पुढं गेली होती. शहरातल्या अनाथाश्रमात एक लहान मुलगी होती, आईबाप गेलेली. दोघं दर रविवारी तिला भेटायला जायचे. बाकी सगळं झालं होतं, राहिली होती फक्त घरची चौकशी. आश्रमाच्या बाई येणार, घर बघणार, शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारणार, आणि मग मुलगी द्यायची की नाही ते ठरवणार. नाही म्हणाल्या, तर पोर तिथंच राहणार. लेक मुळात अबोल, तो आता अजिबातच बोलेनासा झाला होता. नुसता खिळे ठोकत बसायचा, गिऱ्हाईक नसताना.

"आई, या रविवारी तरी चल आमच्याबरोबर," सुतार म्हणाला.

"गुडघे बघ माझे. बसची पायरी चढवते का?"

तेच गुडघे रोज डोहावरून घागर आणतात, हे काय सुताराला दिसत नव्हतं? पण गुणाचा माणूस, उठला आणि छोटा पलंग करायला घेतला होता त्याच्या पायांना रंधा मारू लागला.

आत्याच्या पोटात काय होतं ते तिचं तिलाच ठाऊक. लेकावर तिचा जीव होता. सुतारावरही होता, त्याच्यावर रुसायला कारणच सापडत नव्हतं. पण दोन बाप्यांच्या घरात मुलीची जात? तिची वेणी कोण घालणार? शाळेत पोरं तिला काय काय म्हणतील, आणि आपण कुणाकुणाच्या तोंडाला हात लावायचा? तिला लाज वाटायची, आणि पोटच्या पोराची लाज वाटते म्हणून त्याच्या दुप्पट लाज वाटायची. म्हणून गुडघे दुखायचे.

दुसऱ्या सकाळी ओळ पुन्हा होती. मग रोजच. रोज थोडी लांबत होती. रात्री कुत्रं भुंकत नव्हतं की कुणाचा खाकरल्याचा आवाज येत नव्हता. आत्यानं घरात काही सांगितलं नाही. ती शेजारच्या दूधवालीकडं गेली.

"काय गं, आमच्या कुंपणाशी कोण उभं असतं?"

दूधवाली गोठ्यात शेण भरत होती. तिचे हात थांबले. "माझं काही नाही हो आत्या," ती म्हणाली, जराशी थांबली. "पण लोक आहेत ना."

"कोण लोक?"

"आता लोक म्हणजे लोक. मला विचाराल तर दोघं सोन्यासारखी आहेत. पोरीचं भलंच होईल. पण लोकांना नाही पटत."

"तुला कुणी येऊन सांगितलं, नाही पटत म्हणून?"

"सांगायला कशाला हवं? रोज उभे असतात ते दिसत नाही का?"

आत्या तिथून निघाली ती गिरणीत. गिरणीवाला भुवयांपर्यंत पांढरा. पट्टा बंद करून, हात झटकून तो जवळ आला आणि म्हणाला, "माझं काही नाही हो आत्या." मग जरासा थांबला, दूधवाली थांबली होती तेवढाच. "पण लोक आहेत ना."

आत्या त्याच्या तोंडाकडं बघतच राहिली. "आश्रमाच्या बाईनं विचारलं तर काय सांगशील?"

"खरं तेच सांगणार. लोकांना नाही पटत."

"आणि तुझं?"

"माझं?" त्याला खरोखर नवल वाटलं. "माझं कोण विचारतंय?"

शाळेच्या मास्तरांनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं, पंखा तिच्याकडं वळवला. "हे बघा आत्या, मी शिकलेला माणूस, जग बदलतंय हे मला कळतं. माझं काही नाही..."

ते थांबले. पुढचं आत्याच्याच तोंडून निघालं. "पण लोक आहेत ना."

"बघा!" मास्तर खूष झाले. "म्हणजे तुम्हालाही वाटतंच की."

ती घरी आली ती उंबऱ्यातच बसली. तीन घरं, तीन माणसं, एकमेकांशी धड बोलत नाहीत अशी. आणि शब्द तेच, थांबणंसुद्धा तेवढंच. कुणी चौथंच तिघांच्या तोंडानं बोलत होतं की काय? आणि मघाशी ते तिच्या तोंडानंही बोललं होतं.

पुढच्या सकाळी तिनं झाडू बाजूला ठेवला आणि ओळीसमोर सरळ फतकल मारून बसली. एकेक ठसा निरखून पाहू लागली. हा रुंद, टाचेला गाडीच्या टायरचा तुकडा, तो गिरणीवाला. टायर तिनंच लावला होता. हा अंगठ्याशी दुहेरी टाका, दूधवाली. हा पुढून आखूड, बोटं आत वळलेली, मास्तर. त्यांना लहान मापाची चप्पल घालायची हौस. तारेनं बांधलेली ती मास्तरांच्या भावाची. ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ती रांगत गेली. सगळे पाय तिच्या ओळखीचे, चपलेचा एकूण एक तळ तिच्या हातचा. परका असा एकही नाही.

मग लोक कुठं होते? हे तर सगळे आपल्याच गावचे, जो तो इथं कोण उभं राहतं तेवढं बघायला आलेला असणार.

त्या संध्याकाळी तिनं ठरवलं, यांना रंगेहाथ पकडायचं. उजेड विरायच्या वेळेला ती मागच्या दारानं निघाली आणि गोठ्याला वळसा घालून रस्त्यावर आली. ओळ उभी होती. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. कुणी कुणाकडं बघतही नव्हतं. सगळ्या माना समोर. "काय रे, खेळ लागलाय का इथं?" असं खडसावायचं तिनं मनात घोळवून आणलं होतं. पण ओळीत एके ठिकाणी एका माणसापुरती जागा मोकळी होती. हे बघतात तरी काय, एवढं बघावं म्हणून ती त्या जागेत शिरली.

समोर तिच्याच घराची खिडकी होती. आत दिवा लागला होता. लेक त्या छोट्या पलंगावर आडवा झाला होता, पाय पार बाहेर लोंबत होते, आणि सुतार पोट धरून हसत होता. लेकही हसत होता. किती दिवसांनी! आतून रोज बघितलेलं घर, पण इथून ते कुणा दुसऱ्याचंच वाटत होतं. ही दोन माणसं कोण, पोरीचा पलंग कशाला करताहेत, यांना कुणी विचारणारं नाही का, असं काहीतरी तिच्या डोक्यात यायला लागलं, आणि ते आपण म्हणतोय की कुणी कानाशी म्हणतंय ते तिला कळेना. डाव्या हाताला पिठाचा वास होता. उजव्या हाताला दुधाचा. दोन्हीकडं श्वास चालला होता, एका लयीत. तिनं मान वळवली नाही. वळवता आली असती, पण वळवली नाही.

मग ओळ एक पाऊल मागं सरली. पुन्हा एक. वळणावरच्या दगडाला टाच लागली तेव्हा तिला भान आलं, की आपल्याच घराकडं बघत आपण उलट्या पावलांनी इथवर आलोय.

रात्रभर तिला डोळा लागला नाही. पहाटे जरा लागला तो उशिरा उघडला. बाहेर आली तर सुतार कुंपणाशी उभा. खाली धुळीत बघत होता.

"आई," तो हळूच म्हणाला, "ही तुझी चप्पल ना?"

ओळीच्या मधोमध तिचा ठसा होता. नाही म्हणायची सोय नव्हती. टाचेचं लाकूड सुतारानंच बसवलं होतं, तिच्या दुखऱ्या गुडघ्यासाठी एका बाजूनं तासून.

आत्याला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. सुतारानं तिच्याकडं पाहिलं नाही. झाडू उचलला, तो एक ठसा तेवढा नीट पुसला, बाकीचे तसेच ठेवले. "तो उठायच्या आत पुसलेलं बरं," एवढंच म्हणाला आणि आत गेला. त्यानं चार शिव्या दिल्या असत्या तर आत्याला सोसलं असतं.

त्याच दिवशी दुपारी आश्रमाच्या बाई आल्या. घामाघूम, हातात छत्री. घर पाहिलं, पलंग पाहिला, हातानं दाबून त्याचे सांधे पाहिले. मग शेजाऱ्यांना बोलवा म्हणाल्या. बोलवायची गरजच नव्हती. गाव केव्हाच कुंपणाशी येऊन उभं होतं, भर उन्हात, जो तो आपापल्या जागी. आणि मधे एक जागा मोकळी सोडली होती. कुणी कुणाला सांगितलं नसेल, पण त्या जागेत कुणी पाय ठेवत नव्हतं.

बाई एकेकाला विचारत गेल्या. माझं काही नाही, पण लोक आहेत ना. माझं काही नाही, पण लोक आहेत ना. शेवटपर्यंत तेच. बाईंनी छत्री मिटली.

"बाहेरच्यांचं मी ऐकून घेते, तशी रीत आहे," त्या म्हणाल्या. "पण मुलगी राहणार घरात. घरातलं म्हातारं माणूस मनातून नको म्हणत असेल, तर मी मूल देत नाही. अशा घरांतून परत आलेली मुलं मी पाहिली आहेत. आजी, तुमचं काय म्हणणं?"

"माझं काही नाही..."

शब्द आपोआप आले. आणि आत्यानं पाहिलं, कुंपणापलीकडची सगळी ओळ किंचित पुढं झुकली. सगळ्यांचे ओठ हलले. पुढचा शब्द ते तिच्यासाठी तोंडात धरून उभे होते.

आत्यानं जीभ चावली, रक्त येईस्तोवर.

"नाही," ती म्हणाली. "माझं आहे. मला लाज वाटते, बाई. भीती वाटते. दर रविवारी गुडघ्यांचं खोटं सांगून घरी राहते. काल संध्याकाळी मी यांच्यात उभी होते. ती मोकळी जागा दिसते ना, तिथं."

लेकानं मान वर केली. "आई? तू बाहेर उभी होतीस?"

"होते."

तो उठला आणि आत गेला. थोड्या वेळानं आतून हातोडीचा आवाज यायला लागला, कशावर ठोकत होता कुणास ठाऊक. आत्याला रडू आलं, पण ते तिनं गिळलं, कारण बोलायचं अजून राहिलं होतं.

"पण ती पोर नको, असं माझ्या मनात नाही. असतं तर मी माझ्या तोंडानं नको म्हटलं असतं. वेणी घालायला मी आहे. बाकीचं मला जमेल की नाही मला माहीत नाही. आणा तिला."

"खोटं बोलला असतात तर मला सोपं गेलं असतं, आजी," बाई म्हणाल्या आणि छत्री उघडून चालू लागल्या.

काही दिवसांनी मुलगी आली. बारकी, मोठ्या डोळ्यांची, आणि प्रश्न विचारून जीव खाणारी. हे काय, ते काय, खिळा तोंडात का धरतोस, याच्यावर झोपू का. सुतार उत्तरं देऊन दमला. लेक तिच्याशी बोलायचा, सुताराशी बोलायचा, आईशी मात्र कामापुरतं. ताट वाढ, पाणी दे. आत्या म्हणायची, मिळतंय ते माझ्या लायकीचं मिळतंय.

एका दिवशी उजेड विरायच्या वेळेला पुन्हा ओळ आली. सवयीनं आली असेल. लेक खिडकी लावायला उठला.

"राहू दे," आत्या म्हणाली. तिनं पोरीचं बोट धरलं आणि पुढच्या दारानं कुंपणापर्यंत गेली.

"आजी, हे कोण?"

"मला काय विचारतेस? त्यांना विचार."

पोरगी कुंपणाच्या फटीतून पहिल्या बाईकडं बघत म्हणाली, "तू कोण?"

पोरगी थांबली होती. तिला उत्तर हवं होतं.

"मी... दूधवाली," अखेर आवाज आला, बऱ्याच दिवसांनी बोलल्यासारखा.

"दूध आणलंस?"

"नाही गं. सकाळी आणते." आणि दूधवालीनं इकडंतिकडं पाहिलं, शेजारी कोण उभं आहे ते तिला पहिल्यांदाच दिसलं असावं. ती वळली, पाठ फिरवून, सरळ पावलांनी घरी गेली.

"तू कोण?"

"गिरणीवाला."

"तू पांढरा का?"

कुणीतरी फिसकन हसलं. गिरणीवालाही गेला, डोकं झटकत. पोरगी कुंपणाला धरून पुढं सरकत होती, आणि ज्याला विचारी तो आपलं नाव, आपला धंदा सांगून निघून जाई. मास्तर मात्र हलले नाहीत. "मी मास्तर," ते म्हणाले, आणि पोरीच्या डोक्यावरून आत्याकडं बघत, "मला हे पटलेलं नाही आत्या. मला. सांगून ठेवतो."

"बरं झालं सांगितलंत," आत्या म्हणाली. "उद्या उजेडी चहाला या आणि आत बसून सांगा. आणि चप्पल आणा, तळ गेलाय."

मास्तर काहीतरी पुटपुटत गेले. रस्ता मोकळा झाला. पोरगी मधल्या रिकाम्या जागेपाशी थांबली. तिथं कुणी नव्हतं. पण धुळीत दोन ठसे होते, ताजे, खोल, बोटं घराकडं, टाच एका बाजूनं तासलेली. सुतारानं तिचा ठसा पुसल्याला किती दिवस झाले होते, आणि त्यानंतर आत्या त्या बाजूला फिरकलीसुद्धा नव्हती.

"आजी, इथं कोण असतं?"

मागं दारात लेक येऊन उभा राहिला होता. आत्याला ते न बघता कळलं. एकदाच उभी होते, असं ती म्हणणार होती.

"मी असते," ती म्हणाली. "अजूनही, कधी कधी."

पोरीनं त्या ठशांकडं पाहिलं, मग आजीच्या पायांकडं. तिला त्यात नवल असं काही वाटलं नाही.

"मग तिला पण आत घे ना," ती म्हणाली. "अंधार पडलाय."

आत्या पोरीचं बोट धरून वळली. दारात लेक होता. तो बाजूला झाला आणि आईचा हात धरून तिला पायरी चढवली.